सपाटीवर निर्दोष

ग्रंथपालाची गाडी सपाटीवर इतकी शहाण्यासारखी वागायची, की तिच्याविषयी तक्रार करणाऱ्याचाच लोकांना संशय यावा. आणि झालंही तसंच.

गाडी म्हणजे फिरतं वाचनालय. पुढे लांब नाकाचा जुना डिझेल ट्रक, मागे लाकडी खोली, खोलीत दोन्ही बाजूंना फळ्या आणि फळ्यांवर दोन हजार दोनशे पुस्तकं. वळणावर ती अंगावर येऊ नयेत म्हणून प्रत्येक फळीला आडवी इलॅस्टिकची पट्टी. चालकाचं पद 'भरती होईपर्यंत रिक्त' होतं आणि भरती काही होत नव्हती, म्हणून ग्रंथपालानं स्वतःच अवजड वाहनाचा परवाना काढला होता. जुन्या पुस्तकाची पानं उलटावीत तसा तो गिअर बदलायचा: हळू, जपून, आणि फाटलं तर आपल्यावर येईल अशा बेतानं.

सोमवार ते बुधवार गाडी सपाटीवरच्या गावांत जायची. गुरुवारी वरच्या वस्तीत. तिथं जायला नऊ किलोमीटरचा चढ, चौदा वळणं. इतकी वर्षं गाडी कुरकुरत का होईना पण चढत होती. त्या गुरुवारी मात्र सातव्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ आली, आणि गाडीनं रस्त्याच्या कडेला असा काही उसासा सोडला की समोरून येणारा सायकलवाला खाली उतरून उभा राहिला.

"गेली का हो?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"तापली आहे," ग्रंथपाल म्हणाला. त्याला गाडीविषयी असले शब्द आवडत नसत.

पाणी घालून, गाडी निववून, उलटी फिरवून तो खाली आला. खाली येताना काटा मध्यावर. सपाटीला लागल्यावर तर गाडी गुणगुणायलाच लागली.

एका फेरीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण वाचनालय खात्याचं एक परिपत्रक होतं: एखाद्या थांब्यावर वाहन सलग तीन वेळा पोचलं नाही, तर 'सदर थांब्यास मागणी नाही' असं समजून तो वेळापत्रकातून कायमचा काढून टाकण्यात येईल. म्हणजे गाडी पोचली नाही तर दोष वाचकांचा. ग्रंथपालानं हे परिपत्रक स्वतः फाइलला लावलं होतं, वर सुबक अनुक्रमांक टाकून. तेव्हा ते आपल्यालाच चावेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आणि वरच्या वस्तीत मागणी नाही म्हणे! तिथल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं एका खुनाच्या कादंबरीचा पहिला भाग नेला होता. दुसरा भाग गाडीत. पहिल्या भागाच्या शेवटच्या ओळीत, मेलेल्या म्हाताऱ्याच्या बंद खोलीचं दार आतून उघडतं आणि 'भाग पहिला समाप्त'. त्या संध्याकाळीच सिस्टरचा फोन आला.

"साहेब, दारात कोण होतं, एवढंच सांगा."

"सिस्टर, वाचकाला पुढचं सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"आणि गाडी घाटात बसते ती? ती बसते वाटतं तत्त्वात?"

ग्रंथपालानं फोन ठेवला. त्याला दुसरा भाग पाठ होता. हेच तर त्याचं दुःख होतं.

आता इथं ग्रंथपालाच्या एका सवयीविषयी सांगायला हवं. तो कव्हरं घालायचा. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला, घरातल्या रेडिओला, फोनच्या डायरीला, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाला. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यानं बायकोच्या शिवणयंत्राच्या माहितीपुस्तिकेला कव्हर घातलं होतं, आणि हा माणूस वाईट नाही असं बायकोचं मत तेव्हाच झालं होतं. तर, महिन्याभरापूर्वी तो गाडीचं नाक पुसत होता. जाळीवर किडे, फुलपाखरं, धूळ. पुसता पुसता तो म्हणाला, "उघड्या पुस्तकासारखं होतं गं हे." एवढंच म्हणाला. पण बाळ झोपलं की बायको शिवणयंत्रावर बसू लागली. बाळ आठ महिन्यांचं. त्याची झोप कधी अर्ध्या तासाची, कधी नऊ मिनिटांची, आणि यंत्राची घरघर वाढली की तीही नाही. अशा अकरा झोपांत मिळून तिनं गाडीच्या नाकाचं कव्हर शिवलं. जाड कॅनव्हासचं, दिव्यांना गोल खिडक्या, नंबरपाटीला चौकोनी, बांधायला आठ नाड्या, आणि मधोमध लाल दोऱ्यानं भरलेलं: 'फिरते वाचनालय'. 'चन'च्या ठिकाणी टाका जरा वाकडा गेला होता, कारण त्याच वेळी बाळ उठलं होतं.

ग्रंथपालानं ते कव्हर बांधलं, चार पावलं मागे गेला, आणि चष्मा पुसला.

कव्हरांचा त्याचा नियमही पक्का होता. पुस्तक बांधणीला पाठवायचं तर कव्हर काढून पाठवायचं. तपासणीला द्यायचं तर कव्हर काढून द्यायचं. कव्हर म्हणजे पुस्तक नव्हे. नोंदवहीत त्याची नोंद होत नाही. त्यामुळे गाडी मिस्त्रीकडे न्यायच्या आधी त्यानं आठही नाड्या सोडल्या, कव्हराची घडी घातली आणि घरी कपाटात ठेवली. घाटात गाडी उकळत असतानाही बॉनेट उघडण्याआधी त्यानं हेच केलं होतं. वाफ अंगावर घेत, पण घडी व्यवस्थित.

मिस्त्रीचं गॅरेज गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या चढाखाली. मिस्त्री आधी ऐकून घेणाऱ्यांतला होता. हात पुसत त्यानं विचारलं, "केव्हा तापते?"

"चढावर."

"सपाटीवर?"

"तिच्यासारखी गुणी नाही."

"सगळ्यांचं असंच असतं साहेब," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानं रेडिएटरचं झाकण काढून रबर तपासलं. पाण्याची पातळी बघितली. नळ्या दाबून बघितल्या. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं ढकलून बघितला. ताण बरोबर होता. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झालं की पाण्याला वाट करून देणारी झडप, ती काढून त्यानं स्टोव्हवरच्या पातेल्यात टाकली आणि दोघं पातेल्याभोवती उभे राहिले. पाणी तापलं, झडप हळूच उघडली.

"वेळेवर उघडते," मिस्त्री म्हणाला. "आमच्या पोस्टापेक्षा बरी."

मग इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का ते पाहिलं. बुडबुडे आले असते तर इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट गेलंय असं ठरलं असतं आणि काम मोठं झालं असतं. पाणी गपगुमान. पंपाला हात लावला, पंपही ठीक. मिस्त्री जितका 'ठीक' म्हणत गेला तितका ग्रंथपाल खचत गेला. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि डॉक्टरांनी प्रत्येक अवयवाचं कौतुक करावं, तसं.

"गाडीत नवीन काही बसवलंत का इतक्यात?"

"काहीही नाही," ग्रंथपाल म्हणाला. आणि ते खरंच होतं. कव्हर गाडीत नव्हतंच. कव्हर गाडीवर असतं.

शेवटी मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसला. पुस्तकांसकट गाडी टाकीच्या चढावर सहा वेळा चढवली, तीही खालच्या गिअरमध्ये रडवत. काटा मध्यावर. सातव्यांदा ग्रंथपालाला चालवायला लावलं. काटा मध्यावरच, पण मिस्त्रीचं लक्ष काट्याकडे नव्हतं, ग्रंथपालाच्या पायाकडे होतं.

"साहेब, रागावू नका. गिअर उशिरा टाकता तुम्ही. इंजिन दमल्यावर टाकता. त्याला दमू द्यायचं नसतं." मग जरा थांबून, "गाडीत दोष नाही. इथं तापली असती तर मी काहीतरी काढलं असतं. माझ्यासमोर ती तापतच नाही, मी काय करू? चढ लांब आहे, चालवणारा सावकाश आहे. असं होतं कधीकधी."

पंधरा वर्षं एकही पान न दुमडलेल्या माणसाला हे बोलणं कसं लागलं असेल, ते पान दुमडणाऱ्यांना कळायचं नाही.

"एक करून बघा," ग्रंथपाल निघताना मिस्त्री म्हणाला. "चढावर केबिनमधला हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची उष्णता तेवढी तुमच्या अंगावर येईल, इंजिनाला आराम. आणि वजन कमी करा थोडं."

ग्रंथपालाच्या इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूमापक काका जिन्यातच गाठून म्हणाले, "साधं पदार्थविज्ञान आहे रे. उंचीवर पाणी लवकर उकळतं."

"काका, किती लवकर?"

काकांनी भिंतीवर बोटानं गणित केलं. "तुझ्या घाटात... दीड-दोन अंश."

"गाडी वीस अंशांनी तापते."

"मग तुझ्या काट्यात चूक आहे," काका म्हणाले. भूमापकानं भूमीला कधीच दोष दिला नव्हता.

शेजारच्या काकूंचं निदान जास्त मायेचं होतं. "गाडी लागत असेल हो तिला. आमच्या ह्यांना नाही का, वळणं आली की होतं. पोट हलकं ठेवायला सांगा."

गंमत अशी की काकू आणि मिस्त्री दोघांचं औषध एकच निघालं. वजन कमी करायचं. पण कुठली पुस्तकं काढायची? ग्रंथपालानं रविवारची सगळी दुपार गाडीत बसून काढली. कवितासंग्रह काढून उपयोग नव्हता, चाळीस काढले तरी काटा हलायचा नाही. शब्दकोश जड, पण शब्दकोश काढला तर वाचनालय कसलं? शेवटी त्यानं विश्वकोशाचे बारा खंड खाली उतरवले, दिवाणखान्यात रचले, आणि बाळ नुकतंच धरून उभं राहायला शिकत होतं, ते त्यातल्या 'फ ते म' खंडाला धरून उभं राहिलं. विश्वकोशाचा इतका थेट उपयोग त्या घरात आधी झाला नव्हता.

दुसरा गुरुवार. ऊन रणरणतं. ग्रंथपालानं गाडीला कव्हर बांधलं, आठही नाड्यांना सारख्या गाठी, आणि घाटाच्या पायथ्याशी हीटर पूर्ण सोडला. पहिल्या वळणाला शर्ट भिजला. तिसऱ्याला चष्म्यावर वाफ. पाचव्याला एका ट्रकवाल्यानं ओलांडताना केबिनमध्ये डोकावून पाहिलं आणि कानाला हात लावला. सातवं वळण मात्र पार झालं! ग्रंथपालाच्या तोंडून "वा!" असा शब्द सुटला. नवव्या वळणावर दोघंही उकळले, आधी गाडी, मग तो. आपण दोन वळणं पुढे आलो, हे त्यानं सावलीत बसून, पायावर पाणी ओतत, स्वतःला चार वेळा सांगितलं. मग उठून नाड्या सोडल्या, घडी घातली, बॉनेट उघडलं.

तो घरी आला तेव्हा त्याचा रंग बघून आईनं, म्हणजे ग्रंथपालाच्या आईनं, दारातच ताक की सरबत असं विचारायचं सोडून "कुणाशी भांडलास?" असं विचारलं.

आता एकच गुरुवार उरला होता. ग्रंथपालानं खात्याच्या वाहन निरीक्षकांकडे अर्ज केला: 'वाहन चढावर तापते. कृपया तपासणी व्हावी, तोवर थांबा रद्द करू नये.' निरीक्षकांचं टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यावर काम ठेवायचं धाडस होऊ नये. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"चढ," ते म्हणाले, "हा वाहनाचा दोष नव्हे. चढ रस्त्याचा. रस्ते खातं दुसऱ्या इमारतीत."

"पण साहेब, तापते गाडी."

"ते तपासू."

तपासणी झाली. कार्यालयाच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात. ग्रंथपालानं अर्थातच आधी कव्हर काढलं. तपासणीला उघडंच द्यायचं असतं. निरीक्षकांचा मदतनीस चार फेऱ्या मारून आला. निरीक्षक खिडकीतूनच बघत होते.

"साहेब, निदान उतारावर तरी न्या हो. म्हणजे, चढावर."

"नमुन्यात चढाचा रकाना नाही." आणि त्यांनी शिक्का मारला: 'वाहन सपाटीवर निर्दोष.'

मात्र ते अगदीच निर्दयी नव्हते. खणातून त्यांनी एक कोरा तक्ता काढला. "पुढच्या फेरीत दर किलोमीटरला तापमानाची नोंद करा. नोंद चालकानं करायची नाही, दुसऱ्या शहाण्या माणसानं करायची. खाली दोषाचं कारण लिहायचं. कारण सापडलं आणि वर पोचून तिथल्या शासकीय व्यक्तीचा शिक्का आणला, तर बघू. नाहीतर थांबा बंद. आणि वाहन जुनं आहे, भंगाराच्या यादीत टाकायला मला एक ओळ पुरते."

ग्रंथपालाचा मदतनीस रजेवर. काका उंचीला घाबरत, हे तेव्हाच उघडकीस आलं. काकूंना गाडी लागते ही त्यांनी स्वतःच कबुली दिली. इतके दिवस ह्यांच्या नावावर खपवत होत्या. मिस्त्रीनं "माझ्यासमोर तापणार नाही, कशाला दोघांचा दिवस घालवायचा?" म्हणून हात जोडले.

"मी येते की," बायको म्हणाली.

"तू?"

"शहाणं माणूस हवंय ना? का त्यालाही प्रमाणपत्र लागतं?"

"आणि बाळ?"

"ते माझ्याबरोबर. ते काही नोंद करणार नाही."

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून बाळाला घरी ठेवायचा प्रश्न नव्हता. पण वर गार वारा असतो हे आईनं चाळीस वर्षांपूर्वी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिनं बाळाला दोन स्वेटर चढवले, त्यावर एक टोपडं, त्यावर एक लोकरी टोपी, आणि त्यावर कान झाकणारी दुसरी लोकरी टोपी. तिन्ही तिच्या हातच्या. बाळाचं नाक तेवढं दिसत होतं, आणि ते नाक नाराज होतं.

"सूनबाई, काढू नकोस हं काही."

"नाही आई," सूनबाई म्हणाली.

तिसरा गुरुवार. कव्हर, आठ गाठी. बाळाची खुर्ची मधल्या जागेवर पट्ट्यानं घट्ट बांधलेली. खुनाचा दुसरा भाग समोरच्या कप्प्यात, ताज्या तपकिरी कागदात. घाटाच्या पायथ्याशी बायकोनं तक्ता मांडीवर घेतला.

ती तक्त्यांना सरावलेली होती. बाळ झाल्यापासून ती एक वही ठेवायची: किती वाजता प्यालं, किती झोपलं, का रडलं. दुपारी वाचायला मिळायचं नाही, पण ही वही ती वाचायची, आणि त्यातून तिला बाळ कळायचं. हातालाच सवय ती. निरीक्षकांच्या तक्त्यात 'शेरा' म्हणून एक रुंद रकाना रिकामा होता, तिथं तिनं नकळत बाळाची नोंद सुरू केली.

किमी १. काटा मध्यावर. बाळ खूश, स्टिअरिंगकडे हात.
किमी २. काटा मध्याच्या वर एक रेघ. बाळ चुळबुळ.
किमी ३. काटा दोन रेघा. बाळाचे गाल लाल.
किमी ४. काटा लालच्या जवळ. बाळ रडतंय. भूक नाही, ओलं नाही.

"हीटर सोडू का?" ग्रंथपालानं विचारलं. त्याची नजर काट्यावर चिकटली होती.

"खबरदार! आधीच पोर भाजून निघालंय." तिनं वरची टोपी काढली. बाळ रडतच होतं. दुसरी काढली, टोपडं काढलं, वरचा स्वेटर काढला. बाळाचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं त्यांच्यावर फुंकर घातली. बाळानं एक लांब हुंदका दिला, आणि मग एकदम गप्प झालं, आपण का रडत होतो हेच विसरल्यासारखं.

किमी ५. काटा लालच्या तोंडाशी. बाळ टोप्या काढल्यावर शांत.

तिनं ही ओळ लिहिली. लिहून पेन तसंच धरून राहिली. मग तिनं वरची ओळ वाचली, आणि खालची वाचली.

"अहो, थांबवा जरा."

"वळण आलंय, सातवं."

"तिथंच थांबवा."

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं, आतून बुडबुडल्यासारखा आवाज. तो नेहमीप्रमाणे उतरून नाड्यांपाशी जाणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "मिस्त्रीकडे जाताना कव्हर काढून जाता का हो तुम्ही?"

"अर्थात. बांधणीला पाठवताना कव्हर..."

"आणि त्या तपासणीला?"

"तेव्हाही. का?"

बाळाच्या तीन टोप्या तिच्या मांडीवर होत्या. त्यानं टोप्यांकडे पाहिलं. मग काचेतून पुढे, बॉनेटच्या कडेवरून वर डोकावणाऱ्या कॅनव्हासच्या काठाकडे. कारण इतकं साधं होतं, की ते समजून घ्यायला त्याला वेळ लागला. सपाटीवर वेगाचा वारा जितका मिळे तितका इंजिनाला पुरत असे. चढावर वेग कमी, मेहनत जास्त, आणि नाका-तोंडावर आठ गाठी मारलेलं जाड पांघरूण.

"नाही," तो एकदम म्हणाला. "तसं नसेल. दुसरं काहीतरी असेल. पंप असेल."

"पंप ठीक आहे म्हणाले ना मिस्त्री?"

"मिस्त्रीला काय कळतं? इंजेक्टर असेल. मी गिअर उशिरा टाकतो. मिस्त्री म्हणालाच होता." आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्यावरचा आरोप स्वतःहून पुढे करत होता. "त्याला तुझ्या अकरा झोपा लागल्यात."

"माझ्या नाही, ह्याच्या," तिनं बाळाकडे बोट केलं. "आणि या टोप्यांना तुमच्या आईचा अख्खा हिवाळा लागलाय. त्या काढताना मी कुणाला विचारलं का?"

ती खाली उतरली. ग्रंथपाल स्टिअरिंगमागे बसून राहिला. त्याला काचेतून फक्त तिचं डोकं दिसत होतं, नाडीपासून नाडीकडे सरकणारं. त्याच्या गाठी घट्ट होत्या. तिला एकेका गाठीला दात लावावा लागला. आठवी सुटली तेव्हा तिनं कव्हर ओढून काढलं, त्याची घडी घातली, त्याच्याइतकी व्यवस्थित नाही, आणि आत येऊन बाळाच्या पायाशी ठेवलं.

गाडी तशीच चालू ठेवून दोघं काट्याकडे बघत बसले. पाच मिनिटं. पंखा आता वेगळ्याच आवाजात श्वास घेत होता. काटा एक रेघ खाली आला. मग आणखी एक.

"लिही," ग्रंथपाल म्हणाला.

"मीच लिहितेय, तुम्ही नका सांगू."

किमी ६. काटा मध्यावर. बाळ झोपलं.

किमी ७, ८, ९ च्या पुढे तिनं नुसती 'तसंच' अशी खूण केली, कारण लिहिताना कागदाचा आवाज होत होता.

वरच्या वस्तीत आरोग्य केंद्राच्या पायरीवर सिस्टर उभी होती. गाडीचा आवाज तिनं तीन वळणं आधीच ऐकला होता. तिनं ग्रंथपालाला पाणी विचारलं नाही, की खुशाली विचारली नाही. नुसता हात पुढे केला. ग्रंथपालानं दुसरा भाग दोन्ही हातांनी दिला.

"तीन आठवडे," सिस्टर म्हणाली. "तीन आठवडे पहिला भाग परत परत वाचलाय मी. आता मला सगळं समजलंय."

"सिस्टर, मी काही सांगणार नाही."

"तुम्ही नका सांगू, मी सांगते. डॉक्टरनं नाही केला. पुतण्यानंही नाही. म्हाताऱ्याला उन्हाळ्यातही रोज शाली पांघरत होती ना ती त्याची बायको, खिडक्या लावून घेत होती, वारा लागेल म्हणून? तिनं. सगळ्यात जास्त काळजी तिलाच. आणि खरं सांगू, तिलाही ते कळलं नसणार. दारात तीच उभी आहे, आणखी एक शाल घेऊन."

ग्रंथपालाचा चेहरा दगडासारखा होता. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण बायकोकडे बघायचं मात्र त्यानं कटाक्षानं टाळलं, आणि तीही तिकडे उभ्या मुलांना पुस्तकं दाखवण्यात एकदम गुंतून गेली.

शिक्का सिस्टरकडेच होता. वस्तीत शासनाचा तेवढा एकच शिक्का. तिनं तक्ता हातात घेतला, वाचला. "'भूक नाही, ओलं नाही'. हे गाडीचं आहे?"

"शेरा आहे," ग्रंथपाल म्हणाला.

"असू दे. खालची ओळ भरा. कारण."

ग्रंथपालानं पेन घेतलं. 'दोषाचे कारण', पुढे दोन बोटं कोरी जागा. त्यानं 'क' लिहिला. थांबला. कव्हर म्हणजे गाडी नव्हे, त्याची नोंद होत नाही. आणि झालीच, तर तो कागद फाइलला लागेल, फाइल खाली जाईल, स्वच्छ टेबलावरचे निरीक्षक ती ओळ मोठ्यानं वाचतील, मदतनीस हसेल. लाल दोऱ्याचा तो वाकडा 'चन' त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्यानं 'क' खोडला आणि नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं: 'ग्रंथपाल'. मग जरा विचार करून पुढे लिहिलं: 'आता दुरुस्त.'

सिस्टरनं शिक्का मारला. बायकोनं खांद्यावरून वाचलं. मुलांनी निवडलेली पुस्तकं पट्टीखाली सारून झाल्यावर, उतरायच्या वेळी, तिनं त्याच्या कॉलरला लागलेली धूळ झटकली, जी तिथं नव्हती.

उतारावर बाळ कव्हराच्या घडीवर तंगड्या पसरून झोपलं होतं, बरोबर 'फिरते' या शब्दावर. काटा मध्याखाली. थांबा राहिला होता आणि गाडी भंगारातून वाचली होती.

घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. तिनं बाळाला घेतलं, कुरवाळलं, आणि तिचा हात बाळाच्या उघड्या डोक्यावर थांबला.

"सूनबाई, टोप्या कुठायत याच्या?"

सूनबाईनं तोंड उघडलं, पण त्याआधी ग्रंथपाल पुढे झाला. पंधरा वर्षांच्या नोकरीत जमा झालेलं सगळं गांभीर्य त्यानं चेहऱ्यावर आणलं.

"मी काढल्या, आई. बाळ सपाटीवर निर्दोष आहे. चढावर तापतं."